बाळ, मे महिना आणि प्रवास : वाचकांचे प्रश्न

सुट्टीत लहान बाळाला घेऊन प्रवासाला निघणाऱ्यांकडून आम्ही गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रांत पहिला प्रश्न ‘कुठे जावं?’ हाच आहे. आमचं म्हणणं थोडं वेगळं आहे. बाळ वर्षाच्या आतलं असेल तर आधी हे ठरवा की सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळात ते कुठे असेल. त्याचं उत्तर सावलीतली खोली, एसी डबा किंवा ओसरी असं मिळालं की ठिकाण कुठलंही चालतं. ते मिळत नसेल तर थंड हवेचं ठिकाणसुद्धा बाळाला सोसत नाही. खालची उत्तरं वाचताना ही वेळ डोक्यात ठेवा.

मुलगी मेमध्ये सात महिन्यांची होईल. कुडाळजवळ गावी पंधरा दिवस जायचं आहे. सासूबाई म्हणतात रात्रीची गाडी बरी, बाळ झोपून जाईल. नवऱ्याला दिवसाची बरी वाटते. तिचं तिकीट काढावं लागेल का? थ्री टायर एसी पुरेल का? वरचं दूध ती घेत नाही, अंगावर पिते आणि दोन वेळा पेज खाते. (डोंबिवली)

तिकिटाचं आधी. पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही, मात्र बर्थही मिळत नाही. स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं भरावं लागतं. सात महिन्यांच्या बाळासाठी तो खर्च करू नका, ते बर्थवर एकटं झोपणारच नाही. आरक्षण करताना बर्थ नसलेलं बाळ म्हणून तिचं नाव तेवढं घाला. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे १० मेच्या गाडीचं ११ मार्चला उघडलं आणि ते आता भरलं असणार. मेच्या शेवटच्या आठवड्याचं बघा. आरएसी तिकिटावर मात्र बाळाला घेऊन निघू नका. साइड लोअरचा अर्धा बाक वाट्याला येतो, शेजारी अनोळखी प्रवासी आणि समोरून रात्रभर ये-जा. परतीची गाडी जूनमधली असेल तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक तपासा, गाड्यांच्या वेळा बदलतात.

आता रात्र की दिवस. रात्रीची कोकणकन्या एक्स्प्रेस ठाण्याला बाराच्या सुमारास येते आणि दोन-तीन मिनिटंच थांबते. झोपलेल्या बाळाला फलाटावर उचलून न्यायचं, गर्दीत चढायचं, अंधारात जागा शोधायची, इतक्यात ते टक्क जागं होतं. पुढचे दोन तास डब्यातल्या सगळ्यांची झोप जाते आणि सर्वांत जास्त ताण आईवर येतो. दिवसाची मांडवी एक्स्प्रेस सकाळी निघते आणि दुपार कलताना कुडाळला पोहोचते. भर उन्हाचे तास बाळ एसी डब्यात असतं, आईबाबा जागे आणि ताजे असतात, उतरल्यावर गावची वाट उजेडात कापता येते. म्हणून आमचं मत दिवसाच्या गाडीला. बाळ रात्री सलग पाच-सहा तास झोपत असेल तरच सासूबाईंचा सल्ला धरा.

वर्ग कुठला, हे यावरूनच ठरतं. दिवसा थ्री टायर पुरतं, कारण मधला बर्थ रात्री १० ते सकाळी ६ या वेळातच उघडायचा असतो. रात्रीच्या गाडीला मात्र टू टायर घ्या. थ्री टायरमध्ये मधला बर्थ उघडला की खालच्या बर्थवर ताठ बसता येत नाही आणि मान वाकवून अंगावर पाजणं फार त्रासाचं होतं. डब्याच्या दोन्ही टोकांच्या जागा टाळा, तिथे दार आणि संडासाचा आवाज रात्रभर येतो. बर्थची रुंदी जेमतेम दोन फूट. झोपताना बाळ आतल्या बाजूला, उताणं, तोंडाजवळ उशी किंवा रेल्वेचं ब्लँकेट नको. दोघांनी आळीपाळीने जागं राहिलेलं चांगलं.

एसी डब्यात थंडी वाजते म्हणून बाळाला टोपी, मोजे, दुपटं असं घट्ट गुंडाळतात आणि ते घामेजतं. त्याच्या मानेमागे हात लावून बघा. मान कोरडी आणि कोमट असेल तर कपडे बरोबर आहेत. हातपाय थोडे गार लागले म्हणून घाबरू नका.

खाण्यासाठी पेजेचा डबा नेऊ नका. मेच्या उकाड्यात शिजवलेली पेज दोन तासांनंतर देण्याजोगी राहत नाही. त्याऐवजी घरून कोरडी पूड न्या. तीन वाट्या जाडे पोहे निवडून मंद आचेवर कुरकुरीत भाजा. एक वाटी डाळं (चिवड्यात घालतो ते) वेगळं गरम करून घ्या. दोन्ही पूर्ण गार झाल्यावर मिक्सरमधून बारीक करून चाळा. गरम असताना दळलं तर वाफ धरते आणि डब्यात गाठी होऊन पूड खवट होते. पोहे आणि डाळं आधीच शिजवलेले-भाजलेले असतात, त्यामुळे ही पूड पुन्हा शिजवावी लागत नाही. तांदूळ किंवा कच्च्या मूगडाळीचं पीठ असं नुसत्या गरम पाण्यात कालवून चालत नाही, ते कच्चंच राहतं आणि पोट फुगतं. तीन मोठे चमचे पूड, थर्मासमधलं कढत पाणी १५० मिलिलिटर, गाठी मोडून झाकण ठेवा आणि १० मिनिटं थांबा. मीठ, साखर, गूळ काहीच नको. घरी असताना दोन-तीनदा देऊन बघा, नवी चव गाडीत पहिल्यांदा देऊ नये. जोडीला केळं. सालीत सुरक्षित राहतं, धुवावं लागत नाही, चमच्याने कुस्करून देता येतं. गाडीतल्या प्लगवर केटल लावायला बंदी आहे, तेव्हा पाणी घरूनच भरून घ्या.

डायपर प्रवासाच्या तासांना तीनने भागून येतील तितके, अधिक तीन. बदलायला बर्थवर रबरशीट अंथरा. वापरलेले डायपर संडासात टाकू नका. डब्याखाली जैविक टाकी असते, ती त्याने तुंबते आणि पूर्ण डब्याची पंचाईत होते. कागदात गुंडाळून पिशवीत बांधा, उतरल्यावर कचराकुंडीत टाका.

बाळ चार महिन्यांचं आहे, फक्त अंगावर पितं. मेमध्ये नागपूरहून पुण्याला गाडीने समृद्धी महामार्गाने जायचं ठरतंय. घरातले म्हणतात एवढ्या उन्हात बाळाला घोटघोट पाणी द्यायलाच हवं. आणि कारसीट घ्यावी का, की मी मांडीवर घेऊन पुढे बसू? (नागपूर)

पाणी देऊ नका. सहा महिने पूर्ण होईपर्यंत अंगावरच्या दुधात बाळाला लागणारं सगळं पाणी असतं, नागपूरच्या मेमध्येसुद्धा. पाण्याने त्याचं इवलंसं पोट भरतं, मग दूध कमी प्यायलं जातं, आणि पाणी स्वच्छ नसेल तर जुलाब लागतात. उन्हाळ्यात बाळ जास्त वेळा आणि थोडं थोडं पितं. दूध कमी पडतंय असा त्याचा अर्थ नाही, ते तहान भागवत असतं. प्रवासात दर दीड-दोन तासांनी पाजा. पाण्याची गरज तुम्हाला आहे. दिवसभरात तीन लिटरच्या वर पाणी, ताक, पन्हं तुमच्या पोटात जायला हवं. बाळाने २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी केली आणि ती फिकट असली तर काही कमी पडत नाही. सहा-आठ तास लघवी नाही, जीभ कोरडी, टाळू खोल गेलेली, बाळ मलूल, यातलं काही दिसलं तर प्रवास थांबवून दवाखाना गाठा.

कारसीट घ्या, आणि पुढच्या सीटवर मांडीवर बाळ कधीच नको. ताशी ५० किलोमीटरच्या वेगात गाडी आदळली तरी सहा किलोचं बाळ कुठल्याही हातात राहत नाही. पुढे बसलेल्या आईच्या आणि एअरबॅगच्या मध्ये ते चिरडलं जातं. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन न लावल्यास १,००० रुपये दंड आहे. पण दंड विसरा, खरं कारण बाळाचा जीव. या वयाचं आसन मागच्या सीटवर, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे, असं बसवायचं. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान कच्ची असते. उलट्या तोंडाच्या आसनात धक्का पाठीवर पसरतो. बसवल्यावर तळाशी धरून जोरात हलवून बघा, एका इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. पट्टा खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खाली, आणि खांद्यापाशी चिमटीत धरता येणार नाही इतका घट्ट. जाड कपडे किंवा दुपटं पट्ट्याच्या आत नको, त्याने पट्टा सैल राहतो. ऊब हवी असेल तर पट्टा लावल्यावर वरून पांघरा. घेताना गाडीत आयसोफिक्सचे (आसन थेट गाडीला अडकवायचे) हुक आहेत का ते बघा. नसतील तर सीटबेल्टने बसणारं आसन मागा. दुसऱ्या कुणाचं वापरलेलं घेत असाल तर अपघातात सापडलेलं नाही याची खात्री करा.

एका वेळी दोन तासांपेक्षा जास्त बाळ आसनात ठेवू नका. हनुवटी छातीवर पडली तर श्वास अडतो, म्हणून एक मोठं माणूस मागे बाळाशेजारी बसलेलं हवं.

वेळ अशी आखा. पहाटे साडेचारला निघा. छत्रपती संभाजीनगर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. तीन थांबे धरूनही अकराच्या सुमारास तिथे पोहोचता. तिथे खोली घेऊन दुपार काढा, साडेचार-पाचनंतर अहिल्यानगरमार्गे पुण्याला निघा. एका दमात पुणे गाठायचा हट्ट धरला तर दुपारचे सर्वांत वाईट तास गाडीत जातात. थांबे पेट्रोलपंपावर किंवा सोयीच्या जागीच घ्या. बाळ रडतंय म्हणून समृद्धीच्या कडेला गाडी उभी करणं जिवावर बेतू शकतं, मागून येणारी वाहनं १२०च्या वेगात असतात. निघण्याआधी टायर आणि हवा तपासून घ्या, कडक उन्हात टायर फुटण्याचे अपघात होतात.

उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बसण्याआधी चारही दारं उघडून पाच मिनिटं एसी चालवा, आसनाच्या बक्कलला हात लावून बघा, ते चटका देण्याइतकं तापतं. खिडकीला जाळी किंवा पडदा लावा. आसनावरच ओढणी टाकून सावली करतात ते मात्र चुकीचं, आत हवा कोंडून उष्णता वाढते. आणि पाच मिनिटांसाठीही बाळाला बंद गाडीत ठेवू नका. दहा मिनिटांत आतलं तापमान दहा अंशांनी चढू शकतं.

प्रवासात बाळाने शांत झोपावं म्हणून आजी जायफळ उगाळून द्यायला सांगतात. शेजारी म्हणतात सर्दीच्या औषधाचे दोन थेंब दिले की झोप लागते. काय करावं? (जळगाव)

दोन्ही नको. जायफळात किती अंश उतरला हे सहाणेवर कळत नाही. जास्त झालं तर बाळ सुस्त पडतं, छातीचे ठोके वाढतात. सर्दीच्या औषधातला गुंगी आणणारा घटक बाळाचा श्वास मंदावू शकतो. क्लोरफेनिरामिन आणि फिनिलेफ्रिन यांचं एकत्रित औषध चार वर्षांखाली वापरू नये, असं देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३मध्ये बजावलं आहे. आजींचा हेतू बाळाला आराम मिळावा हाच आहे, म्हणून त्यांना हे समजावून सांगा आणि त्यांच्या हातचं दुसरं काही मागून घ्या. रोज झोपवताना ज्या मऊ जुन्या लुगड्यात बाळाला घेतात ते सोबत न्या. ओळखीचा वास आणि नेहमीचं गाणं गाडीतही चालतं.

बाळ दहा महिन्यांचं असेल. सात दिवसांची मनाली सहल बुक करायची आहे, त्यात रोहतांगही आहे. मित्र म्हणतो लेहसुद्धा जमेल. (कोल्हापूर)

लेह या वर्षी सोडा. शहर ३,५०० मीटरवर आहे, आणि विमानाने गेलात तर शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. विरळ हवेचा त्रास मोठ्यांना सांगता येतो, बाळाला नाही. बाळ चिडचिडतं, पीत नाही, ओकतं, झोपत नाही. हीच लक्षणं दात येतानाही दिसतात, त्यामुळे ओळखायला उशीर होतो. वर्षाच्या आतल्या बाळाला २,५०० मीटरच्या वर रात्रीचा मुक्काम घडवू नये. मनाली २,०५० मीटरवर आहे, तेवढी उंची चालते. रोहतांग ३,९७८ मीटर. तिथे काही तासांतच चढून उतरायचं, वर वारा, बर्फ आणि वाहनांची रांग. आईबाबांपैकी एकाने जावं, दुसऱ्याने बाळाजवळ मनालीत राहावं.

पण खरी अडचण उंचीची नाही. कोल्हापूरहून दिल्ली किंवा चंदिगड, तिथून ३०० ते ५०० किलोमीटर रस्ता, त्यातला बराच घाटाचा, तोही उत्तरेतल्या मेच्या झळांतून. सात दिवसांतले साडेतीन-चार दिवस बाळ वाहनात काढेल. एवढा खर्च करून त्याच्या वाट्याला काय येतं, याचा विचार करा. कोल्हापूरकरांना पन्हाळा वीस किलोमीटरवर, आंबोली सव्वाशेच्या आत. आंबोलीत एकाच ठिकाणी चार रात्री राहा, सकाळी आणि संध्याकाळी बाहेर पडा. महाबळेश्वर हवं असेल तर शनिवार-रविवार टाळा. पसरणी घाटात गाड्यांची रांग लागली की दोन तास जागेवर जातात आणि बाळ भुकेने हैराण होतं.

घाट चढण्याआधी अर्धा-पाऊण तास बाळाचं पोट भरून घ्या, लगेच आधी नको. दोन वर्षांखालच्या मुलांना गाडी लागण्याचा त्रास क्वचितच होतो, पण भरल्या पोटी वळणं घेतली तर दूध वर येतं. दरीच्या टोकाच्या पॉइंटवर बाबागाडीपेक्षा छातीवरची झोळी बरी. तिच्यात बाळाचे गुडघे कुल्ल्यांपेक्षा वर, पाठ आधारलेली, आणि चेहरा तुम्हाला खाली बघताच दिसेल इतका वर हवा.

पाच महिन्यांच्या बाळाला डब्याचं दूध चालू आहे. नाशिकहून एसटीने धुळ्याला जायचं आहे. दूध करून थर्मासमध्ये न्यावं का? (नाशिक)

नाही, ही चूक फार होते. कोमट दूध म्हणजे जंतूंना वाढायला सर्वांत सोयीची जागा, आणि थर्मास ते तासन्‌तास कोमटच ठेवतो. पूड आणि पाणी वेगळं न्या. चार निर्जंतुक केलेल्या कोरड्या बाटल्या, प्रत्येक फीडची पूड मोजून छोट्या कोरड्या डब्यांत, आणि उकळलेलं पाणी चांगल्या थर्मासमध्ये. पाजायच्या वेळी आधी पाणी, मग पूड. पूड निर्जंतुक नसते, म्हणून पाणी ७० अंशांच्या वर असलेलं बरं. हलवून बाटली गार पाण्याच्या भांड्यात उभी करा, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा आणि मगच द्या. बाळाने तोंड लावलेलं दूध तासाभरात संपलं नाही तर ओतून द्या. बहुतेक डब्यांवर ३० मिलिलिटरला एक सपाट चमचा असं प्रमाण असतं, तुमच्या डब्यावरचं वाचून तेच धरा. तहान भागावी म्हणून पातळ करू नका, बाळ उपाशी राहतं. घट्ट केलं तर उन्हाळ्यात शरीरातलं पाणी कमी पडतं. एसटीत बाळाला तिकीट नाही, महिलांना अर्धं. पहाटेची गाडी धरा आणि सूर्य ज्या बाजूला येणार नाही ती खिडकी.

औषधांच्या पिशवीत नेमकं काय ठेवू? बाळ नऊ महिन्यांचं, वजन आठ किलो. (पुणे)

ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर, पॅरासिटामॉल, ओआरएसची चार पाकिटं, झिंक, नाकात घालायचे मिठाच्या पाण्याचे थेंब, झिंक ऑक्साइडचं मलम, सुईशिवायची ५ मिलिलिटरची पिचकारी, आणि बाळाचं लसीकरण कार्ड. एवढं पुरे. अँटिबायोटिक उरलेली असेल तर घरीच ठेवा.

पॅरासिटामॉलबद्दल नीट वाचा, कारण चुका इथेच होतात. डोस वजनावर, किलोला साधारण १५ मिलिग्रॅम. आठ किलोला १२०. थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतात, म्हणजे १.२ मिलिलिटर. सिरपमध्ये बहुधा ५ मिलिलिटरमध्ये १२५, म्हणजे जवळजवळ पूर्ण चमचा. घरी सिरप देणाऱ्या आईने गावच्या दुकानातून थेंबांची बाटली घेतली आणि सवयीने पाच मिलिलिटर दिलं, तर चौपटीहून जास्त औषध पोटात जातं आणि यकृताला इजा होते. निघण्याआधी डॉक्टरांकडून तुमच्या बाळाचा डोस मिलिलिटरमध्ये लिहून घ्या, तो कागद त्याच बाटलीला चिकटवा आणि तीच बाटली न्या. दोन डोसांत चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप आला तर औषध देऊन वाट बघू नका, लगेच रुग्णालयात न्या.

ओआरएसचं पाकीट घेताना त्यावरचे घटक वाचा. एक लिटरच्या पाकिटात सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सायट्रेट २.९, एकूण २०.५ ग्रॅम. फळांच्या चवीची गोड पेयं ‘ओआरएस’ नावाने विकायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५मध्ये मनाई केली. त्यात साखर फार असते आणि जुलाब वाढतात. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवा. अर्धं पाकीट अर्ध्या लिटरमध्ये असं अंदाजाने केलं तर क्षार कमीजास्त होतात, म्हणून प्रवासाला २०० मिलिलिटरची छोटी पाकिटं सोयीची. केलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्या. प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर, चमच्याचमच्याने. ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. दूध आणि नेहमीचं खाणं बंद करू नका. झिंक सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस, जुलाब थांबले तरीही. शीमध्ये रक्त, प्रत्येक घोट उलटून पडणं, डोळे खोल जाणं, बाळ हाक मारूनही न बघणं यातलं काही झालं तर १०८ला फोन करा. रेल्वेत असाल तर १३९.

घामोळ्यांसाठी पावडर घेऊ नका, बाळाच्या श्वासात जाते. गार पाण्याने पुसून मलमलचं झबलं घाला. डायपर दिवसातून दोन-तीन तास काढून ठेवा.

नवव्या महिन्याची लस सहलीच्या आठवड्यातच येते. आधी घ्यावी की नंतर? (सातारा)

नऊ महिने पूर्ण होण्याआधी गोवर-रुबेलाची लस घेऊ नका, काही दिवस उशीर झालेला चालतो. परत आल्यावर पहिल्या आठवड्यात घ्या. निघण्याआधीच घेतली असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. या लशीचा ताप किंवा अंगावरचं पुरळ त्याच दिवशी नाही, तर सात ते बारा दिवसांनी येऊ शकतं. नेमकं सहलीत आलं तर नवा आजार समजून घाबरू नका. मुक्काम लांबला तर कार्ड दाखवून तिथल्या सरकारी आरोग्य केंद्रातही लस मिळते.

१३ महिन्यांच्या मुलाला घेऊन विमानाने बंगळुरूहून नागपूरला जायचं आहे. कान दुखतात म्हणे. (बंगळुरू)

दुखतात ते मुख्यतः उतरताना, जमिनीला टेकण्याआधी साधारण अर्धा तास. त्या वेळी बाळ झोपलेलं असेल तरी उठवून अंगावर पाजा किंवा पाणी प्यायला द्या. गिळण्याने कानातला दाब सुटतो. चढतानाच सगळं दूध पाजून टाकलं तर उतरताना ते तोंड लावत नाही, ही नेहमीची चूक. नाक चोंदलेलं असेल तर उतरण्याच्या अर्धा तास आधी मिठाच्या पाण्याचे दोन-दोन थेंब घाला. दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर बसतं, पण त्याचं नाव तिकिटात घालावं लागतं आणि वयाचा पुरावा म्हणून जन्मदाखला जवळ हवा. प्रवासापुरतं दूध आणि खाणं सुरक्षा तपासणीतून नेता येतं, पिशवीच्या वर ठेवा आणि आपणहून दाखवा. नागपूरला दुपारी उतरणारं विमान घेऊ नका, सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर उतरणारं बघा.

चिपळूणजवळ आजोळी महिनाभर राहणार आहोत. जुनं कौलारू घर, बाळ रांगतं. काय काळजी घ्यावी? (ठाणे)

जुनं कौलारू घर बाळासाठी फ्लॅटपेक्षा गार असतं, ही मोठी जमेची बाजू. कूलर मात्र भाड्याने घेऊ नका. नागपूरच्या कोरड्या हवेत तो चालतो, कोकणच्या दमट हवेत ओलावा वाढवतो आणि घामोळ्या उठतात. पंखा आणि उघड्या खिडक्या पुरेत. विहिरी मेमध्ये तळाला जातात, पाणी गढूळ येतं. ते आधी गाळा आणि उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट खळखळू द्या. न्हाणीघरातली भरलेली बादली आणि ओटीवरचं घंगाळ रिकामं ठेवा. रांगतं बाळ बोटभर उंचीच्या पाण्यातही बुडू शकतं. जमिनीवरच्या चुलीभोवती आडोसा करा. बाळाला मच्छरदाणीत झोपवा, दिवसाही. निलगिरी-लिंबाचं तेल असलेलं मलम तीन वर्षांखाली लावू नका.

आणि विंचू. कोकणात तांबडा विंचू जांभ्याच्या गडग्यात, लाकडांच्या ढिगात, कौलांखाली असतो आणि उकाड्यात बाहेर पडतो. त्याचं विष हृदयावर जातं आणि बाळाला त्याचा धोका मोठ्यांपेक्षा जास्त असतो. अंथरूण रोज झटका, पलंग भिंतीपासून हातभर दूर ओढा, गडग्यावर वाळत घातलेलं झबलं झटकल्याशिवाय घालू नका, रात्री जमिनीवर उतरताना बॅटरी लावा. बाळ एकाएकी कळवळून रडायला लागलं, दरदरून घाम आला, ओकलं, हातपाय गार पडले तर अंगावरचे सगळे कपडे काढून बघा आणि ताबडतोब निघा. दोरी बांधणं, चिरा देणं, मंत्र, पाला यात वेळ घालवू नका. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या विषावर प्राझोसिन लागू पडतं हे दाखवून दिलं. त्यानंतर मृत्यू पुष्कळ कमी झाले, पण ते औषध वेळेत पोटात गेलं तरच. म्हणून गावी पोहोचल्या दिवशीच जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. विंचूदंशाचं औषध आणि प्रतिविष आहे का, रात्री कोण असतं, हे विचारा, फोन नंबर घ्या आणि तो माजघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावा. रात्री कुणाची गाडी मिळेल हेही त्याच दिवशी ठरवून ठेवा.